भाकरी भाजून झाल्यावर

मननासाठी शास्त्रभाग : उत्पत्ती १८:१-१७



शरद ऋतू उतरणीला लागला, पहाटेच्या हवेत गारवा आला, की आपल्या घरांतून भाजण्याचे दिवस सुरू होतात. सुगीच्या उपकारस्तुतीची उपासना झालेली असते, नाताळ अजून दूर असतो. मधल्या या आठवड्यांत मनुका, काजू आणि संत्र्याच्या साली बरणीत मुरत पडतात. कोणी घरचे तूप, साखर, मैदा घेऊन बेकरीत नानकटाई भाजून आणायला जाते, तर कोणी कुकरच्या तळाशी मीठ पसरून त्यातच केक भाजते. इंदूर, बडोदे, दिल्ली अशा ठिकाणी स्थायिक झालेल्या आपल्या बांधवांना ठाऊक आहे की, थंडी पडू लागली म्हणजे पावाचे पीठ लवकर फुगत नाही. उन्हाळ्यात जे तासाभरात होते, त्याला आता दुप्पट वेळही लागतो आणि पिठावर चिडून काही उपयोग नसतो.

याच दिवसांत एखादा जुना स्नेही, एखादी बालमैत्रीण, शनिवार-रविवार राहायला येते. घरात भाजणे चालू असावे आणि दाराशी पाहुणा यावा, हा योग पवित्र शास्त्रात वारंवार दिसतो. त्यातील एका गोष्टीकडे आज तुमचे लक्ष वेधावयाचे आहे.

प्रथम निर्गमाच्या सोळाव्या अध्यायाकडे पाहा. अरण्यात इस्राएल लोकांना दररोज माणशी एक ओमर मान्ना मिळे. सहाव्या दिवशी मात्र माणशी दोन ओमर. जे भाजावयाचे ते आजच भाजा, जे शिजवावयाचे ते आजच शिजवा आणि उरेल ते उद्यासाठी ठेवा, असे मोशेने त्यांना सांगितले. शब्बाथाच्या आदल्या दिवशीचे हे भाजणे म्हणजे देवाने घालून दिलेली घरातील शिस्त आहे. दुप्पट का भाजावयाचे? अधिक खाता यावे म्हणून नव्हे. दुसऱ्या दिवशी हात मोकळे असावेत म्हणून!

आता मम्रेच्या एलोन झाडांखाली चला. भर दुपारी अब्राहाम तंबूच्या दाराशी बसला आहे आणि तीन पुरुष समोर उभे आहेत. हा अब्राहाम कोण? यशया त्याला देवाचा मित्र म्हणतो, याकोबाच्या पत्रातही तीच पदवी येते. तेव्हा ही भेट म्हणजे देवाने आपल्या मित्राच्या घरी केलेला मुक्काम होय. अब्राहाम पाहुण्यांना म्हणतो की, मी तुमच्यासाठी जरासा भाकरतुकडा आणतो. आणि तंबूत जाऊन सारेला सांगतो की, तीन मापे सपीट मळ! तीन मापे म्हणजे एक एफा, आणि निर्गमाच्या त्याच अध्यायाच्या शेवटी सांगितले आहे की, एफ्याचा दहावा भाग म्हणजे एक ओमर. हिशोब तुम्हीच करा. तीन पाहुण्यांसाठी सारेने दहा माणसांच्या दिवसभराच्या अन्नाइतके पीठ मळले. "जरासा तुकडा" म्हणून ताट भरणारी माणसे आपल्या आजोळी आपण पाहिलेली आहेत. त्यांचे कूळ फार जुने आहे.

परंतु या अध्यायातील क्रियापदे जरा लक्षपूर्वक वाचा. अब्राहाम धावत सामोरा जातो, त्वरेने तंबूत शिरतो, पुन्हा गुरांकडे धावतो. पाहुणे अकस्मात आलेले, तेव्हा धावपळ अटळच होती. मात्र ते जेवावयास बसल्यावर तो काय करतो? तो झाडाखाली त्यांच्याजवळ उभा राहतो. धावणे संपले. आणि मगच पाहुणे बोलू लागतात. सारा कोठे आहे, असे ते विचारतात आणि पुढच्या वर्षी तिला पुत्र होईल, ही वार्ता देतात. जवळजवळ पंचवीस वर्षे ज्या शब्दाची वाट पाहिली, तो शब्द या घरी जेवणानंतर उच्चारला गेला. सारा तंबूच्या दाराआडून ऐकत होती. तीही तव्यापासून उठून दाराशी आलेली होती, हे विसरू नका. इतकेच नव्हे, तर सदोमाविषयीची जड गोष्ट देवाने त्याहूनही उशिरा, अब्राहाम पाहुण्यांना वाटेला लावावयास काही अंतर गेला, तेव्हा काढली. निरोप देण्यासाठी चार पावले जो सोबत चालला नसता, त्याला ती कळली असती काय?

मित्राच्या मनातले बोलणे असे उशिरा बाहेर येते. शनिवारी संध्याकाळी तुमची मैत्रीण बसमधून उतरते, तेव्हा ती प्रवासाविषयी, गर्दीविषयी, तुमच्या मुलांच्या उंचीविषयी बोलते. रात्री जुन्या दिवसांच्या आठवणी निघतात. रविवारी उपासना होते, जेवण होते. आणि दुपारी, दुसऱ्या चहाच्या वेळी, केकचा तुकडा बशीत तसाच ठेवून, ती हळूच म्हणते की, मुलगा आताशा फोन करीत नाही. किंवा डॉक्टरांनी पुन्हा तपासणीस बोलावले आहे. प्रभूच्या दाखल्यातील स्त्रीने तीन मापे पिठात खमीर घातले, त्यासाठी शुभवर्तमानात 'लपविणे' हे क्रियापद आले आहे. दुःखही माणूस असेच लपवून आणतो आणि ते वर येण्यास वेळ लागतो. त्या घटकेला तुम्ही कोठे असता, हा खरा प्रश्न आहे. नव्या साच्यातील दुसरा केक बिघडू नये म्हणून ओव्हनजवळ? की त्याचे छायाचित्र मोबाइलवरून नातलगांना पाठविण्यात?

येथे मार्थेचे नाव कोणाच्या तरी ओठी येईलच. प्रवचनपीठांवरून तिच्यावर फार अन्याय झाला आहे. लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभूने तिच्या स्वयंपाकाला नावे ठेवली नाहीत. अनेक गोष्टींच्या काळजीने तिची जी ओढाताण झाली होती, ती त्याने दाखवून दिली. योहानाचा बारावा अध्याय उघडा. वल्हांडणाला सहा दिवस उरले आहेत, बेथानीत प्रभूसाठी जेवण केले आहे, आणि मार्था वाढतेच आहे! या वेळी बहिणीविषयी तिची एकही तक्रार नाही, प्रभूचाही बोल नाही. काम तेच, मन निवलेले. आणि त्या पंगतीत आलेला पाहुणा कोणते ओझे घेऊन आला होता? स्वतःच्या मरणाचे. मरीयेने सुगंधी तेल त्याच्या चरणांना लावले, तेव्हा त्याने आपल्या उत्तरकार्याच्या दिवसाचा उल्लेख केला. शिष्यांना हे त्याने पूर्वी अनेकदा सांगितले होते, पण त्यांना ते उमगले नव्हते. या घरात मात्र त्याला ते सांगता आले. मत्तय लिहितो की, त्या आठवड्यात यरुशलेमेतील वादविवाद आटोपून तो मुक्कामाला बेथानीस परत गेला.

म्हणून या हंगामात भाजावयाचे ते शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी सकाळी भाजून घ्या. पदार्थ चार असतील तर दोन करा. घरात पुरुष आहेत, मोठी मुले आहेत. पीठ मळण्यास आणि भांडी घासण्यास त्यांचेही हात चालतात. (अब्राहामानेही वासरू स्वतः निवडून आणले होते.) आणि बोलावणे कोणाला पाठवावयाचे, याचा थोडा विचार करा. तुमच्या मंडळीत गतवर्षी पती गमावलेली एखादी भगिनी असेल. पहिल्या महिन्यात तिच्याकडे रीघ लागली होती, आता तिच्या दाराची घंटा क्वचित वाजते. मंडळीतील तंट्यामुळे उपासनेस येणे सोडून दिलेला एखादा बंधू असेल. त्याला तासाभराच्या चहाला बोलावून तो काही बोलणार नाही. त्याला रात्रभर राहू द्या.

पुनरुत्थानानंतर प्रभूने हेच केले. तिबिर्याच्या समुद्राकाठी शिष्य रात्रभराच्या रित्या श्रमानंतर, पहाटेच्या त्या एका जाळ्यातील मासे ओढीत किनाऱ्यास लागले, तेव्हा कोळशांचा विस्तव पेटलेला होता, त्यावर मासळी होती आणि भाकरीही तयार होती. मुख्य याजकाच्या अंगणात ज्या विस्तवाशी उभे राहून पेत्राने प्रभूला नाकारले, त्यासाठी योहानाने मूळ भाषेत जो शब्द वापरला आहे, तोच येथेही आहे. नव्या करारात तो आणखी कोठेही येत नाही. पेत्राच्या मनात काय सलत होते, हे प्रभूला ठाऊक होते. तरी त्याने प्रथम त्यांना न्याहारीस बसविले, भाकरी त्यांच्या हाती दिली, मासळी दिली. सर्वांची न्याहारी झाली, आणि मग तो शिमोन पेत्राशी बोलू लागला.