रेनकोटच्या आतल्या खिशात

जूनचा पहिला पाऊस आला की माळ्यावरच्या छत्र्या आणि रेनकोट खाली येतात. यंदा वहिनींनी आपला रेनकोट झटकला, तर तो एका बाजूने जड लागला. आतल्या खिशाची चेन उघडली आणि हातात फोन आला. गेल्या ऑक्टोबरात, परतीच्या पावसात, बसच्या गर्दीत चोरीला गेला असं आम्ही सगळे धरून चाललो होतो, तोच हा फोन. मीटिंगसाठी तो सायलेंटवर ठेवलेला होता. त्या रात्री रिंग जात राहिली आणि दुसऱ्या दिवशी फोन बंद लागला. मग पोलिसांत तक्रार झाली, फोन ब्लॉक केला, विम्याचा दावा केला. पैसे आले, नवा फोन आला आणि विषय संपला. इकडे दिवाळीच्या साफसफाईत मुलांनी रेनकोट तसाच गुंडाळून माळ्यावर टाकला होता. वहिनी फोन घेऊन स्टुलावर बसून राहिल्या. काचेच्या कोपऱ्यातला जुना तडा तोच होता आणि कव्हरमागे ठेवलेली तुळजापूरच्या कुंकवाची पुडीही जागच्या जागी होती.

अशा वेळी पहिल्यांदा आनंद होतो आणि पाठोपाठ संकोच येतो. कंपनीला काय वाटेल? आपण खोटा दावा केला असं तर वाटणार नाही ना? पोलीस काय म्हणतील? मला वाटतं, बहुतेकांचं पाऊल अडतं ते या संकोचापाशी. पैसे ठेवून घ्यायचे असं मनात नसतं, नुसतं ‘बघू रविवारी’ म्हटलं जातं. पण नीट पाहिलं तर लाजण्यासारखं काही घडलेलंच नाही. ऑक्टोबरात जेवढं माहीत होतं तेवढं वहिनींनी तेव्हा सांगितलं. आज जास्त कळलं आहे, ते आज सांगायचं. ‘आज सापडला म्हणून आजच फोन केला’ या वाक्याला पुढे काही जोडावं लागत नाही. तेच वाक्य महिन्याने बोलायचं तर इतके दिवस का थांबलात, याचं उत्तर आधी शोधावं लागतं. दिवसागणिक ते अवघड होत जातं. म्हणून कळवायची गोष्ट त्याच दिवशी कळवून टाकावी. उसनी वाटी परत करण्यापासून चुकून जास्त आलेल्या सुट्ट्या पैशांपर्यंत ही सवय घरात रुळलेली असेल, तर असा मोठा प्रसंगही तिच्यात सहज बसतो.

करायचं तसं थोडंच असतं. दाव्याचा क्रमांक शोधून विमा कंपनीला फोन करायचा आणि तेच ईमेलनेही लिहून ठेवायचं. दाव्याचे पैसे अजून आले नसतील तर दावा मागे घेतला की झालं. पैसे मिळाले असतील तर सापडलेल्या वस्तूवरचा हक्क साधारणपणे कंपनीकडे गेलेला असतो. कंपनी फोन मागवून घेईल, किंवा फोन तुम्हीच ठेवा आणि रक्कम परत करा असं म्हणेल. विमा भरपाईसाठी असतो, म्हणून वस्तू आणि तिची पूर्ण किंमत दोन्ही एकाच घरात राहत नाहीत. हा विचार जुना आहे. लिव्हरपूलमधलं एक घर विकायचं ठरल्यानंतर आगीत त्याचं नुकसान झालं. मालकाला विम्याचे 330 पाउंड मिळाले आणि पुढे घराची ठरलेली पूर्ण किंमतही मिळाली. 1883 मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने विम्याची रक्कम कंपनीला परत द्यायला लावली. आपल्या घरातल्या फोनलाही तोच न्याय लागतो. कंपनीचं उत्तर येईपर्यंत त्यात सिम घालून पाहायचं नाही, मुलांना खेळायला द्यायचा नाही, विकायचा तर नाहीच. तक्रारीची प्रत घेऊन पोलीस ठाण्यातही फोन सापडल्याचं कळवायचं. ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवरून आयएमईआय, म्हणजे फोनचा 15 अंकी क्रमांक, ब्लॉक केलेला असेल तर तो उघडण्याची विनंतीही तिथेच करता येते. फक्त त्याआधी कंपनीला विचारलेलं बरं.

वहिनींनी डबा भरता भरताच विमा कंपनीला फोन लावला. बोलताना पहिल्या वाक्याला आवाज थोडा कापला, मग सरळ झाला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नोंद केली. फोन कुठे जमा करायचा ते दोन दिवसांत कळवतो म्हणाल्या. एवढ्यावर बोलणं संपलं असतं, पण वहिनी थांबल्या. त्या फोनमध्ये त्यांच्या आईचे शेवटच्या वर्षातले फोटो होते. आपल्याच आईचे फोटो म्हणून न विचारता काढून घेतले असते तरी कोणाला कळलं नसतं. त्यांनी विचारलं, “फोन चार्ज करून फोटो काढून घेतले तर चालेल का?” बाई म्हणाल्या, “घ्या की ताई, सावकाश घ्या.” वहिनींनी त्या नोंदीचा क्रमांक कॅलेंडरवर आजच्या चौकटीत लिहिला, रेनकोट अंगात घातला आणि नेहमीची बस पकडायला निघाल्या. फोन ओट्याशेजारी चार्जरला लावलेला होता. कुंकवाची पुडी त्यांनी काढून देवापाशी ठेवली होती. काळ्या पडद्यावर अजून बॅटरीचं रिकामं चित्रच दिसत होतं.