हलवलेलं गाव

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात, स्नोई पर्वतांच्या कुशीत, हजारेक मीटर उंचीवर अ‍ॅडामिनबी नावाचं काही शे वस्तीचं गाव आहे. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी पंतप्रधान बेन चिफली यांच्या उपस्थितीत स्नोई जलविद्युत प्रकल्पाचा शुभारंभ इथेच झाला. बर्फाचं पाणी पूर्वेच्या समुद्राकडे वाहून जायचं. ते बोगद्यांतून पश्चिमेच्या कोरड्या शेतीकडे वळवायचं आणि वाटेत वीज निर्माण करायची, अशी योजना. त्यातल्या सर्वांत मोठ्या, युकम्बीन जलाशयात पुढे या गावाची जुनी जागा बुडाली.

धरण १९५८ मध्ये पुरं झालं. त्याआधी शंभरावर इमारती काही किलोमीटरवरच्या नव्या जागी नेल्या. लाकडी घरं जोत्यावरून उचलून गाडीवर चढवली. दोन चर्चं सुटी करून पुन्हा बांधली. धरणग्रस्तांच्या वाट्याला इतकी काळजी क्वचितच येते, तिचं मोल मी कमी लेखणार नाही. पण घर हललं तरी परसातला उतार हलत नाही. खिडकीतून कोणाचं छप्पर दिसायचं, दुकानात जाताना कोणाच्या कुंपणापाशी पाय थबकायचे, नदीकाठचं कुरण कधी हिरवं व्हायचं, ही पिढ्यांनी बसवलेली घडी असते. भरपाईच्या कागदावर घराला रकाना असतो, या घडीला नसतो. आणि ज्याला रकाना नाही, ते सरकारी हिशेबात गेलेलंच नसतं.

२००७ च्या दुष्काळात पाणी खाली गेलं आणि जुन्या गावाचे अवशेष उघडे पडले: पाये, पायऱ्या, वठलेली झाडं. नंतर राज्याने त्या जागेची वारसास्थळ म्हणून नोंद केली. ही नोंद मला महत्त्वाची वाटते. राष्ट्र उभारताना कोणाचं काय गेलं, याची ती उशिराची का होईना, कबुली आहे.

मात्र ही कबुली १९५० च्या दशकापाशीच थांबू नये. त्याच्या शंभराहून जास्त वर्षं आधी याच भागातल्या मनॅरोच्या पठारावर गोऱ्यांचे कळप आले आणि मूळनिवासी न्गारिगो लोकांची भूमी हिसकावली गेली. उन्हाळ्यात बोगाँग पतंग थंडाव्यासाठी पर्वतांतल्या कपारींत दाटीवाटीने बसत. आसपासच्या जमाती तेव्हा वर जमत, पतंग गरम राखेत भाजून खात, विधी करत. त्यांचीही घडी विस्कटली, आणि तेव्हा घरं हलवायला गाड्या आल्या नाहीत, नवा भूखंड कोणी आखून दिला नाही. अ‍ॅडामिनबीच्या स्थलांतराची छायाचित्रं आहेत, तारखा आहेत. न्गारिगोंच्या विस्थापनाला तारीखही नाही. त्यांचे वंशज आजही आहेत, आणि ही भूमी आपली असल्याचं सांगत आहेत.