खंडेनवमीचे फूल

खंडेनवमीला भोसरीतल्या एका लहानशा कारखान्यातून मला दरवर्षी बोलावणे येते. कारखान्याचा तरुण मालक माझा जुना विद्यार्थी. चाकणच्या मोटार-कारखान्यांना लागणारे बारीकसारीक भाग तिथे तयार होतात. त्या दिवशी लेथ, ड्रिल, पाने, हातोड्या, सगळ्यांना हळदकुंकू लागते आणि झेंडूची फुले वाहिली जातात. यंदा मी पाहिले, कचेरीतल्या कोपऱ्यातल्या एका पिवळट पडलेल्या संगणकावरही फूल होते.

"सर, याची ही शेवटची पूजा," विद्यार्थी हळूच म्हणाला. "काढू ना हा?"

प्रश्न यंत्राचा नव्हता, त्यात असलेल्या कार्यक्रमाचा होता. कामगारांची हजेरी, पगार आणि बिले यांचा हिशेब त्यावर होतो. त्याच्या वडिलांनी 1999 साली तो फॉक्सप्रो नावाच्या संगणकीय भाषेत करून घेतला. लिहिणारे गृहस्थ तिथलेच हिशेबनीस. आता ते सत्तरीकडे झुकले आहेत. सगळे त्यांना काका म्हणतात.

मी नुसता मॅट्रिक. शाळेत मुलांना शिकवावे आणि सुटीत कादंबऱ्या लिहाव्यात, एवढेच माझे जग. म्हणून काकांनाच विचारले, तेव्हा कळले ते असे : ही भाषा अमेरिकेतल्या फॉक्स सॉफ्टवेअर या कंपनीची. 1992 साली ती मायक्रोसॉफ्टने घेतली. 2007 साली मायक्रोसॉफ्टने सांगितले, यापुढे नवी आवृत्ती नाही. जानेवारी 2015 मध्ये उरलासुरला आधारही थांबला. म्हणजे काही बिघडले तर दाद मागायला दार उरले नाही. कागदोपत्री भाषा वारली. पण भोसरीत पगार होतच राहिले! पुढे 1 जुलै 2017 ला जीएसटी आला. तेव्हा काकांनी चार रात्री जागून त्या 'वारलेल्या' भाषेत केंद्राच्या आणि राज्याच्या करांचे दोन नवे रकाने बसवले.

मला यात मोठे नवल वाटले नाही. आपली मोडी लिपी आठवा. 1917 साली मुंबई सरकारने कारभारासाठी बाळबोध लिपी पुढे आणली, पण घराघरांतल्या चोपड्या पुढे कित्येक वर्षे मोडीतच लिहिल्या जात होत्या. आजही जमिनीचा जुना कागद निघाला की मोडी वाचणारा शोधावा लागतो. आमच्या आकुर्डीची चेतक स्कूटर घ्या. जुनी चेतक निघायची थांबली त्याला किती वर्षे झाली! तरी गल्लीतला एखादा मिस्त्री तिला अजून किक मारून चालू करून देतो. कोबोल ही 1959 सालची संगणकीय भाषा. एप्रिल 2020 मध्ये साथीमुळे बेकारभत्त्याच्या अर्जांची रीघ लागली, तेव्हा अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्यांना जाहीर हाक मारावी लागली.

तेव्हा मी विद्यार्थ्याला बाणेदारपणे सांगून टाकले, "काढू नकोस. करणाऱ्याने हात झटकले म्हणून वापरणाऱ्याने का झटकावे?" वाक्य मला स्वतःलाच आवडले. शिक्षकाला हा रोग असतोच.

काका मात्र हसले. "मास्तर, ते ठीक आहे. पण उद्या मी गेलो तर?"

मी गप्प झालो. नव्या कार्यक्रमाची महिनाभर चाचणी झाली होती, त्याची हकीकत मग त्यांनी सांगितली. त्या महिन्यात तीन जुन्या कामगारांचे पगार कमी निघाले. का ते कोणालाच कळेना. शेवटी उलगडा काकांनी केला. मालकाच्या वडिलांनी एक शब्द दिला होता : आजारपणात अर्ध्या दिवसाचा खाडा झाला तर पैसे कापायचे नाहीत. तो शब्द कुठल्या वहीत नव्हता, कराराच्या कागदात नव्हता. तो होता त्या जुन्या कार्यक्रमाच्या दोन ओळींत आणि काकांच्या डोक्यात. मालक गेले, भाषेचा आधार गेला, तरी त्या दोन ओळी दर महिन्याला त्यांचा शब्द पाळत होत्या.

आता नीतीचा प्रश्न माझ्यापुढे निराळाच उभा राहिला. जुने टिकवावे की टाकावे, हा तो नव्हेच. जुन्याच्या पोटात कोणाला दिलेले वचन आहे, हे पाहण्याची जबाबदारी कोणाची? कंपनीची म्हणावी तर तिला भोसरीतला खाडा काय ठाऊक! करणाऱ्याचा आधार संपतो त्या दिवशी ती जबाबदारी वापरणाऱ्याकडे येते. ती घ्यायची नसेल तर जुने जपणे हे प्रेम नव्हे. पुष्कळदा तो निव्वळ आळस असतो, नाहीतर चिक्कूपणा. आणि त्याचा भार एका म्हाताऱ्याच्या स्मरणशक्तीवर टाकलेला असतो. काकांना चार दिवस ताप आला, तर शंभर घरांची चूल अडायची! मी ज्याला निष्ठा म्हणत होतो, तिची किंमत दुसराच कोणी देत होता.

"बदला," काका म्हणाले, "पण आधी माझ्याकडून लिहून घ्या."

त्या संध्याकाळपासून विद्यार्थ्याची कॉलेजात जाणारी मुलगी वही घेऊन काकांपाशी बसते. ते एकेक ओळ वाचतात, ती का घातली ते सांगतात, ती मराठीत उतरवून घेते. परवा मी डोकावलो, तर दोघे हुज्जत घालत होते. आजारपणाची सवलत नव्या कामगारांनाही द्यावी, असे मुलीचे म्हणणे. काका म्हणत होते, "ते तुझ्या बाबांना विचार. शब्द आता त्यांनी द्यायचा."

बाबा दारातच उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिले, पण या खेपेला मी सल्ला दिला नाही. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "लिही, सगळ्यांना."

यंदा लक्ष्मीपूजनाला ती वही चोपड्यांशेजारी मांडायची आहे. कोपऱ्यातला संगणक अजून चालूच आहे. वही पुरी होईपर्यंत पगार त्याच्यावरच व्हायचे आहेत.