दोन जखमांचा हिशेब

गेल्या दिवाळीत रेवदंड्याला आमच्या ओटीवर फराळाबरोबर चाललेल्या गप्पा एका प्रश्नापाशी अडल्या, त्या अजून तिथेच आहेत.

शेजारच्या काकूंचा मुलगा मोटारसायकलवरून चौलकडून घरी येत होता. पाहुण्यांच्या एका मोटारीने वळणावर त्याला उडवले. नडगीचे हाड मोडले. शहरातल्या एका दवाखान्यात पायाला प्लास्टर घातले. रात्रभर पोरगा कळवळत होता, बोटे बधिर झाली म्हणून सांगत होता. ‘नवं प्लास्टर आहे, दुखायचंच,’ असे म्हणून कोणी पाहिले नाही. सकाळी प्लास्टर कापले, तोवर स्नायूंचा रक्तपुरवठा तुटून फार वेळ गेला होता. हाड पुढे सांधले. पाय मात्र कायमचा अधू झाला.

मोटारवाल्यावर दावा लावण्यास कोणाचीच हरकत नव्हती. डॉक्टरांचे नाव निघताच आप्पा म्हणाले, “अहो, तो बिचारा पाय वाचवायला बसला होता. मोडला त्यानं का? त्याच्यावर कसली फिर्याद लावता?”

आप्पांचे म्हणणे सहज झटकून टाकण्यासारखे नाही. रस्त्यावरचा मोटारवाला आपला कोणी नव्हे. डॉक्टरांच्या हाती मात्र आपण होऊन देह सोपवतो. हात देणाऱ्यालाच कचेरीत खेचले, तर उद्या हात पुढे कोण करील? पण याच गोष्टीला दुसरी बाजू आहे. मोटारवाल्यावर आपण विश्वास टाकलेला नव्हता. डॉक्टरांवर टाकला होता. मग विश्वासाच्या जागी झालेली हयगय हलकी मानायची, की अधिक जड?

हा प्रश्न आपल्याच कोकणकिनाऱ्यावरून एकदा थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. ६ मे १९५३ रोजी गुहागरजवळ पालशेतच्या समुद्रकाठी एका तरुण मुलाच्या मांडीचे हाड मोडले. गावातल्या वैद्याने लाकडी फळ्या बांधून पाय स्थिर केला. मुलाचे वडील स्वतः डॉक्टर. ते त्याला पुण्याला घेऊन गेले. ९ मे रोजी तिथल्या एका शल्यचिकित्सकाने उपचार केले आणि त्याच रात्री मुलगा गेला. गुंगी न देता, मॉर्फियाच्या एकाच इंजेक्शनवर, तीन माणसांकडून पाय ओढून हाड बसवले, त्या धक्क्याने मृत्यू आला, असा वडिलांचा आरोप होता. डॉक्टरांनी तो नाकारला. न्यायालयांना वडिलांचे म्हणणे पटले. ‘लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्रिंबक बापू गोडबोले’ या नावाने वकील मंडळी तो निकाल आजही सांगतात. निकालाची तारीख २ मे १९६८, आणि भरपाई रुपये ३,०००.

पंधरा वर्षे आणि तीन हजार रुपये! एवढ्याशा रकमेसाठी कोणी बाप, तोही स्वतः डॉक्टर, आयुष्याची पंधरा वर्षे घालवील का? म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो, हेच त्या बापाच्या मनात असावे असे मला वाटते.

त्या निकालात डॉक्टरांना देव मानलेले नाही आणि गुन्हेगारही ठरवलेले नाही. रोगी हाती घ्यावा की नाही, उपचार कोणता करावा आणि तो कसा करावा, या तिन्ही ठिकाणी वाजवी काळजी एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा. अलौकिक कौशल्याची सक्ती नाही. प्रयत्न करूनही रोगी दगावला, म्हणून डॉक्टर दोषी ठरत नाहीत.

आणि मोटारवाला? पुढे डॉक्टर चुकले म्हणून तो सहसा सुटत नाही. माणसाला जखमी केले की तो दवाखान्यात जाणार, आणि तिथे चूकही होऊ शकते, हे कोणालाही कळण्यासारखे आहे. आज मोटारवाल्यावरचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. फी घेऊन केलेल्या उपचारातील हयगयीची तक्रार १९९५ च्या निकालापासून ग्राहक न्यायालयातही नेता येते. वाटा दोन आहेत, कारण जखमा दोन आहेत. एकाची चूक दुसऱ्याच्या नावे मांडणे हा जसा अन्याय, तसाच ती कोणाच्याच नावे न मांडणे हाही.

आप्पा यावर म्हणाले, “मग क्षमा म्हणून काही आहे की नाही?”

आहे ना. पण पाडव्याला वहीपूजन करणारा व्यापारीसुद्धा एखाद्याचे येणे सोडतो, ते आकडा पाहून सोडतो. वहीत जे लिहिलेच नाही ते माफ कसे करायचे?

इतका वेळ गप्प असलेल्या काकू तेव्हा बोलल्या. “मला पैशाचं एवढं नाही हो. त्या रात्री पोराकडं बघायला हवं होतं, एवढं त्यांनी एकदा म्हणावं.”

त्यावर आप्पांनाही उत्तर सुचले नाही. ते कोणी आपण होऊन म्हटले असते, तर कचेरीची पायरी चढावी लागलीच नसती. काकूंनी एक्स-रे, केसपेपर, औषधांच्या पावत्या एका पिशवीत जपून ठेवल्या होत्या. तुळशीचे लग्न आटोपल्यावर त्या अलिबागला वकिलाकडे गेल्या. सोबतीला कोण गेले होते म्हणाल, तर आप्पाच.