एक मास्क, दोन छात्या

परवा अभ्यासवर्गात एका पोरानं सवाल टाकला. 'कामगार स्वतःच मास्क काढून ठेवतो. मग त्याची छाती गेली तर दोष कुणाचा?' सगळे माझ्याकडं बघायला लागले. कारण मी स्प्रे पेंटर. सव्वीस वर्षं हातात गन आहे. 'दोष मालकाचा' एवढं बोललो असतो तर टाळ्या पडल्या असत्या आणि जयभीम घालून घरी गेलो असतो. पण ते अर्धं खोटं झालं असतं. म्हणून गप बसलो. आता लिहितोय.

आधी धंदा सांगतो. भोसरीतल्या एका शेडमध्ये आम्ही मशिनचे सांगाडे, पंपाचे बेस, क्रेनचे गर्डर रंगवतो. उन्हापावसात टिकणारा रंग पाहिजे असला की टू-पॅक येतो. एका डब्यात रंग, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही कालवले की रंग काचेगत कडक होतो. ही करामत हार्डनरमधल्या आयसोसायनेटची. 1984 च्या डिसेंबरात भोपाळची झोपलेली माणसं ज्या वायूनं मारली तो मिथिल आयसोसायनेट. आमच्या डब्यातला त्याच खानदानातला. तो तेवढा उडत नाही, पण गनमधून बारीक फवारा होऊन निघाला की थेट छातीत उतरतो. वासावरून त्याचा अंदाज येत नाही. नाकात भरतो तो थिनरचा वास. तो गेला की आपण समजतो विष गेलं. आणि शरीरानं एकदा ह्या विषाचा धसका घेतला की पुढं नखभरानंही दमा उसळतो.

काही पिवळ्या-नारंगी रंगांत शिसं आणि क्रोमेट असतं. क्रोमेटनं फुप्फुसाचा कॅन्सर होतो. 2016 साली सरकारनं नियम काढला आणि रंगातल्या शिशाला 90 पीपीएमची हद्द घातली. कुठल्या रंगात? घरगुती आणि सजावटीच्या. कारखान्यातला रंग त्या नियमाबाहेर ठेवला. भिंत जपली. भिंतीमागचं लेकरू जपलं, ते बरोबरच केलं. पण गनमागचा माणूस कुणाचं लेकरू होता?

रुमालानं थोडी धूळ अडते, वाफ अडत नाही. कोळशाच्या डब्यांचा मास्क वाफ अडवतो, पण ते डबे ठरावीक दिवसांनी मरतात. दाढी वाढली असली तर मास्क गालाला बसत नाही. ह्या हार्डनरला खरा इलाज म्हणजे बाहेरची स्वच्छ हवा नळीनं तोंडापर्यंत आणणारा हुड. आणि त्याच्याही आधी फवारा जिथं उठतो तिथंच ओढून घेणारा पंखा. 1948 च्या कारखाना कायद्याच्या चौदाव्या कलमात हेच लिहिलं होतं. पण तो कायदा विजेवर चालणाऱ्या कारखान्याला दहा माणसांपासून लागू व्हायचा, आणि आमच्या शेडची हजेरी कायम नवावर थांबायची.

आता माझी गोष्ट. मी पदरच्या पैशानं एक चांगला मास्क आणला. मालक म्हणाला, 'घाला की, कोण नको म्हणतंय?' माझ्या हाताखाली आमच्याच वस्तीतला एक पोरगा. बाप नाही. मीच त्याला कामाला लावलेला. मला काका म्हणतो. हार्डनर तोच कालवायचा, गन तोच धुवायचा, जॉब तोच फिरवायचा. त्याच्या तोंडाला जयंतीतला निळा रुमाल. एकदा म्हणाला, 'काका, मला एखादा?' मी म्हणालो, 'गन माझ्या हातात हाय. तू तर लांब असतोस.'

लांब म्हणजे सहा फूट.

आठ महिन्यांनी त्याला रात्रीचा खोकला लागला. रविवारी बरं वाटायचं, सोमवारी पुन्हा छाती आवळायची. डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला, 'काम काय करतोस?' आणि सांगितलं, हा धंदा सोड, आता मास्क घालूनही तुला जमायचं नाही. बाविसाव्या वर्षी पोराच्या हातचा कसब गेला. आज पार्सलच्या गोडाऊनला आहे. जिना चढला की कठडा धरून उभा राहतो. आणि अजूनही मला काकाच म्हणतो.

पेशवाईत पुण्यात आपल्या बापजाद्यांच्या गळ्यात मडकं होतं, आपल्या थुंकीनं रस्ता बाटू नये म्हणून. बाबासाहेबांनी 1936 साली जातिनिर्मूलनावरच्या निबंधात ते नोंदवून ठेवलंय. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात आपल्याला घेत नसत, कारण तिथं धागा तोंडानं ओढावा लागायचा. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी तो प्रश्न काढला. दोन्ही वेळी तोंड आमचं आणि बाटण्याची भीती त्यांना. आता विष डब्यातून आमच्या तोंडात येतंय, तर भ्यायला कुणीच नाही.

हे भाषणात बोलायला सोपं आहे. अवघड पुढंच आहे. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता सांगितली. प्रत्येकाच्या डोक्यावर कुणीतरी, आणि प्रत्येकाच्या पायाखालीही कुणीतरी. मी बाबासाहेबांचा फोटो खिशात ठेवून त्याच शिडीची एक पायरी बनवली. कारागिराला मास्क, हेल्परला रुमाल. मालकानं मला तसं सांगितलं नव्हतं. मला ते आपसूक सुचलं. जात अशीच सुचते.

मग 'स्वतःच काढून ठेवतो' म्हणजे काय? मे महिना, वर पत्रा, मास्कमध्ये घामाचं तळं. डबे मेलेले, श्वास ओढवत नाही. नगावर पैसे. सांजच्याला ट्रक उभा. अशा माणसानं मास्क काढला तर त्याला मर्जी म्हणायचं? मर्जी म्हणायला दोन वाटा लागतात. त्याच्यापुढं एकच असते.

कुणी म्हणेल, बुद्धानं स्वतःच दिवा व्हायला सांगितलंय. सांगितलंय. पण ज्यानं त्यानं आपापला मास्क विकत घ्यावा, असा त्याचा अर्थ नाही. 1946 साली बाबासाहेब मजूरमंत्री असताना आठवड्याचे तास 54 चे 48 झाले, ते सगळ्यांसाठी झाले. ज्याला दम लागतो त्यानं तेवढं लवकर घरी जावं, असा तो कायदा नव्हता.

पोरगा गेल्यावर आम्ही सहाजणांनी ठरवलं. शेडमधल्या प्रत्येकाच्या तोंडाला मास्क असल्याशिवाय हार्डनरचं झाकण उघडायचं नाही. चार दिवस काम बंद राहिलं, चार दिवसांचे पैसे बुडाले. मग मास्क आले, पंखा बसला. हवेची नळी अजून आलेली नाही. मागणी सोडलेली नाही.

पण हे मी त्या पोराच्या आधी करू शकलो असतो. निदान टू-पॅकचं काम तरी अडवू शकलो असतो. त्या दिवशी मला चार दिवसांचे पैसे मोठे वाटले.

तर मित्रा, तुझ्या सवालाला माझं उत्तर हे. दोष मोजायच्या आधी शेडमध्ये जा आणि मोज. मास्क किती, छात्या किती. पहिला हिशेब मालकाकडं माग. मग मास्क ज्याच्या तोंडावर आहे त्याला विचार, शेजारच्याचं काय? पुढच्या वर्गाला मी त्या पोराला घेऊन येणार आहे. सवाल त्याच्यासमोर पुन्हा विचार.