आधी दार बघ

नागपूर

चि. सई,


काल फोनवर फार वैतागली होतीस. दिल्लीला जाऊन पंधरा दिवस झाले नाहीत, तोच सीनियरने राज्यघटनेच्या 131व्या कलमाचं ब्रीफ हातात ठेवलं आणि वर फेडरल कोर्टाचे जुने निकाल वाचायला सांगितले. ‘आत्या, बारा वर्षांत गुंडाळलेल्या कोर्टाचं काय वाचायचं?’ म्हणालीस. बाररूममध्ये कलकलाट होता म्हणून तेव्हा गप्प बसले.

अगं, ते कोर्ट होतंच एवढंसं. 1 ऑक्टोबर 1937ला सुरू झालं तेव्हा न्यायाधीश तीन: सर मॉरिस ग्वायर, शाह मुहम्मद सुलेमान आणि आपले मुकुंदराव जयकर. पुणे विद्यापीठाच्या ग्रंथालयाला नाव आहे ना, तेच. स्वतःची इमारत नाही. जुन्या संसद भवनात संस्थानिकांसाठी बांधलेल्या दालनात बसायचे. अधिकारही मोजके. केंद्र आणि प्रांतांचं आपसात भांडण असेल तर थेट तिथे. 1935च्या भारत सरकार कायद्याचा अर्थ लावायचा प्रश्न आहे असा दाखला हायकोर्टाने दिला, तर अपील. आणि गव्हर्नर जनरलने विचारला तर सल्ला. साधी दिवाणी-फौजदारी अपिलं लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे जात. आज तू 131, 132, 143 म्हणून वाचतेस त्या कलमांचं मूळ तिथे आहे.

सुरुवात 1938च्या पेट्रोलच्या प्रकरणापासून कर. ते आपल्या घरचं. तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी नागपूर. प्रांताने पेट्रोलच्या किरकोळ विक्रीवर कर बसवला. केंद्र म्हणालं, हे उत्पादन शुल्क झालं, ते आमच्या यादीत. गव्हर्नर जनरलने सल्ला मागितला. तिघांनी आपापली वेगळी मतं लिहिली, पण उत्तर एकच: माल तयार होण्यावरचा कर निराळा, विकण्यावरचा निराळा, प्रांताचा कायदा टिकतो. तिन्ही मतं वाच, घाई नको. केंद्र आणि प्रांतांच्या विषयांच्या दोन याद्यांतल्या नोंदी एकमेकींवर आदळल्या की दोघींनाही जागा राहील असा अर्थ कसा काढतात, ते तिथे दिसेल. मग स्कूटीत पेट्रोल भरशील तेव्हा आठव, त्या दरात केंद्राचं उत्पादन शुल्कही असतं आणि राज्याचा व्हॅटही.

दुसरा निकाल केशव तळपदे यांचा, एप्रिल 1943. युद्ध चालू, ‘चले जाव’मुळे तुरुंग भरलेले. मुंबई सरकारने तळपद्यांना भारत संरक्षण नियमांतल्या 26व्या नियमाखाली स्थानबद्ध केलं होतं. ग्वायरसाहेबांच्या कोर्टाने म्हटलं, मूळ कायद्याने जेवढी सत्ता दिली त्याच्या बाहेर हा नियम जातो, नियमच अवैध. सरकारने काही दिवसांतच वटहुकूम काढून भोक बुजवलं आणि 1945मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल चूक ठरवला. उलटलेला निकाल म्हणून टाकून देऊ नकोस. कोर्टाने तिथे सरकारला विचारलेला प्रश्न एकच आहे: हे करायचा अधिकार तुला दिला कुणी? हाच प्रश्न आधी स्वतःच्या कोर्टालाही विचारायची सवय लाव.

मी नाही विचारला एकदा. वकिलीचं दुसरं वर्ष. काटोलकडचे एक संत्र्याचे बागायतदार, कागद चोख, साक्षीदार पक्के. त्या भरात दावा ज्या कोर्टात लावला त्याला तो चालवायचा अधिकारच नव्हता. दोन वर्षं तारखा पडल्या आणि शेवटी वादपत्र परत, योग्य कोर्टात दाखल करण्यासाठी. बाहेर व्हरांड्यात त्यांनी धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला आणि एवढंच विचारलं, ‘बाई, मग इतके दिवस आपण कुठं बसलो होतो?’

म्हणून तुझ्या ब्रीफचं गुणदोषाचं पान आत्ता उघडूच नकोस. आधी पक्षकारांची नावं बघ. भारत सरकार आणि राज्यं सोडून कुणी कंपनी, महामंडळ किंवा खासगी माणूस पक्षकार असेल तर 131 तिथेच संपतं. मग भांडण कायदेशीर हक्काचं आहे की नुसतं राजकीय रुसणं, ते तपास. पाण्याचा तंटा असेल तर 262वं कलम आणि 1956चा आंतरराज्य नदी पाणीतंटा कायदा समोर ठेव. त्याला लवादाचा रस्ता आहे. सीमाप्रश्नावर महाराष्ट्राने 2004मध्ये लावलेला दावा 131खालचाच, त्याचेही कागद मिळाले तर चाळ.

जयकरांचं पेट्रोलवरचं मत छापून माझ्यासाठी पाठव. माझी प्रत वाळवीने खाल्ली. आणि मुदतीची तारीख काय आहे, ते आजच फोन करून सांग.

तुझी,
आत्या