दहावं वचन कोणासाठी?

आजचं वाचन : स्तोत्र 45

चर्चमधल्या लग्नांत या स्तोत्राचं दहावं वचन मी बऱ्याचदा ऐकलंय. मुली, ऐक, आपले लोक आणि बापाचं घर विसर. संदेश देणारे वधूकडे बघतात, तिची आई डोळे पुसते, आणि नवरदेव निवांत! जणू त्याचा काही संबंधच नाही.

हे कोरहाच्या मुलांचं गीत, एका राजाच्या लग्नाचं. राजाचं नाव स्तोत्रात नाही. तो प्रभू येशू आहे असं आपण मानतो, कारण इब्री लोकांस पत्र 1:8-9 मध्ये याच स्तोत्राची सहावी-सातवी वचनं पुत्राविषयी घेतली आहेत. यहुद्यांच्या अरामी तारगूममध्येही हा राजा मशीहाच आहे.

पण राजा ख्रिस्त असेल तर वधू कोण? मंडळी (इफिस 5, प्रकटीकरण 19). आणि मंडळीत नवरदेव येतो, सासरे येतात, पाळकही येतात. मग "मुली, ऐक" हे त्या सगळ्यांना आहे. मूळ लग्नात ते वधूलाच सांगितलं होतं, हे खरं. पण तसंच धरायचं तर सहावं वचनही त्या जुन्या राजालाच ठेवा. राजाच्या वेळी ख्रिस्त आणि वधूच्या वेळी फक्त सून, हे मला प्रामाणिक वाटत नाही.

जेरोमने 384 साली रोममधल्या एउस्तोखियम या तरुणीला पत्र लिहिलं, त्याची सुरुवात याच वचनाने होते. गंमत म्हणजे तिला लग्नच करायचं नव्हतं, सासरचा प्रश्नच नाही!

मग विसरायचं काय? आईबाबांना तर नक्कीच नाही. देवाच्या नावाखाली आईवडिलांचा वाटा बुडवणाऱ्यांना येशूने मार्क 7 मध्ये चांगलंच सुनावलंय, आणि वधस्तंभावर असतानाही त्याने आपल्या आईची सोय लावली. ऑगस्टीन म्हणतो, ते बापाचं घर म्हणजे बाबेल. मला त्यात आपलं बाबेल दिसतं. बाप्तिस्मा होऊन तीन पिढ्या झाल्या तरी स्थळ बघताना हळूच विचारतात ना, "मूळचे कोण?" ते घर आपण कुठे सोडलंय?

आणि सोळावं वचन वाचा. पूर्वजांच्या जागी तुझे पुत्र येतील, हे इब्रीत राजाला उद्देशून आहे. म्हणजे मागचं मागे ठेवायला त्यालाही सांगितलंय.

तेव्हा यंदा लग्न ठरलेल्या माझ्या भावांनो, रविवारी उपासनेनंतर ती म्हणाली, "आज आईकडे जाऊया," तर दहावं वचन काढू नका, सरळ रिक्षा बोलवा. आणि ज्यांचं अजून ठरायचंय, त्यांनी बायोडेटातली जातीची ओळ आज रात्रीच काढून टाका. घरात यावर वाद होईल, मला माहीत आहे. त्यासाठी मी प्रार्थना करतोय.